पहिला बास्केट पडेपर्यंत

किस्से ठेवायला कपाट लागत नाही, हीच पंचाईत आहे. कपाट लागलं असतं तर ते कधीतरी भरलं असतं आणि मी थांबले असते! आमच्या युनिव्हर्सिटीच्या मुलींच्या बास्केटबॉल टीमचे किस्से इतके झालेत की खरा इतिहास लिहायला घेतला की तेच आधी उड्या मारत पुढे येतात.

आणि इतिहास लिहायची वेळ माझ्यावर आली. झालं असं, की हॉस्टेलमागच्या आमच्या कोर्टच्या जागी दुमजली पार्किंग बांधायचं ठरत होतं. त्यासाठी एक कमिटी नेमली गेली. कमिटीने विचारलं, "या टीमने आजवर काय केलंय? दोन पानांत लिहून द्या."

टीमचा सगळा कारभार शारदाअक्कांकडे. पहिल्या टीमच्या त्या कॅप्टन, नंतर कायमच्या कोच, आणि मार्चअखेर रिटायर होणार होत्या. त्यांनी ते पत्र माझ्या हातात ठेवलं. "मृणाल, तू लिही ग. माझं लिहिणं सगळं स्वल्पच." स्वल्प म्हणजे कन्नडमध्ये थोडंसं, आणि अक्कांच्या मराठीत ते कुठेही येतं.

मी याच टीममधून खेळले. आता इथे बंगळुरातच, बेळ्ळंदूरला एका ऑफिसात पाच दिवस खुर्चीवर चुळबुळ करते आणि शनिवारी कोर्टवर अक्कांच्या मदतीला जाते. ते कोर्ट गेलं तर माझ्या शनिवारांचं काय करायचं, मला ठाऊक नाही. अक्कांच्या तर सगळ्याच वारांचा प्रश्न होता. मी लॅपटॉप उघडला, 'हिस्टरी ऑफ द टीम' असं टाइप केलं, उठले, पाणी प्यायले, परत बसले, परत उठले. पंधरा दिवस हेच! दोन पानं काही झाली नाहीत. झाले ते हे किस्से. आणि ते मराठीत लिहितेय, त्याला कारण आहे.

*

अक्कांचं घराणं कित्येक पिढ्या बंगळुरातलं. घरात मराठी, दारात कन्नड, आणि जुन्या पेठेत वडिलांचं शिवणकामाचं दुकान. वडिलांना सगळे अप्पा म्हणायचे. पहिली टीम झाली तेव्हा जर्सी अप्पांनीच शिवल्या. टेलर असून सांगितलेल्या दिवशी दिल्या, हा टीमचा पहिला विक्रम!

मुली बारा, म्हणून अप्पांनी नंबर लावले एक ते बारा. यात चुकण्यासारखं काय आहे? पण मॅचच्या दिवशी रेफरीने जर्सी बघितल्या आणि मान हलवली. त्या काळी बास्केटबॉलमध्ये नंबर चारपासून सुरू व्हायचे. एक, दोन, तीन ही बोटं रेफरीला पॉइंट दाखवायला लागायची. तीन मुली बाद! त्यात एक नंबर म्हणजे खुद्द कॅप्टन शारदा.

अप्पा मॅच बघायला आले होते. टेलर कुठेही गेला तरी पिशवीत कात्री आणि सुईदोरा असतोच. त्यांनी विचारलं, "किती वेळ आहे?"

"दहा मिनिटं," रेफरी म्हणाला.

"सरी," म्हणजे 'बरं', असं म्हणून अप्पांनी स्वतःच्या अंगातल्या पांढऱ्या शर्टाचा खालचा पट्टा टरकन कापला. तिघींना पाठमोरं उभं केलं, जुने नंबर उसवले आणि तेरा, चौदा, पंधरा शिवायला घेतले. पंधरातला पाच काही पुरेना. मग कॉलरही गेली.

मॅच टीम सपाटून हरली. अप्पा तसेच, बिनकॉलरच्या अर्ध्या शर्टात पेठेतून चालत घरी निघाले. शेजारच्या दुकानदाराने घाबरून विचारलं, "काय झालं अप्पा? मारामारी?"

"नाही हो," अप्पा म्हणाले. "मुलगी खेळते!"

*

आमच्या टीमचा एकच कायदा आहे. पहिला बास्केट पडेपर्यंत कुणी बसायचं नाही. राखीव मुलींनी नाही, कोचने नाही, बघायला आलेल्या आईबापांनीही नाही. हा कायदा कुठून आला म्हणून विचारलं की अक्का दरवेळी नवं उत्तर देतात. एकदा म्हणाल्या, पहिल्या मॅचला बाकच नव्हता. एकदा म्हणाल्या, बाक होता पण रंग ओला होता. मी हट्टच धरला तेव्हा वैतागून म्हणाल्या, "आत पाच पोरी पळतायत. आपण बसायचं कशाला ग?"

माझी आई पुण्याची. बाबांच्या सरकारी कंपनीतल्या नोकरीमुळे इकडे आली. माझी पहिली मॅच बघायला ती थर्मास आणि बसायला उशी घेऊन आली. उशी ठेवते न ठेवते तोच अक्का समोर.

"ओ मृणालच्या आई, उठा की. स्वल्प उठा."

"का?"

"बास्केट पडला नाही अजून."

"मग त्याला मी काय करू?"

"उभ्या राहा."

माझी आई आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं तरी ऐकून उभी राहिली. काखेत उशी, हातात थर्मास. त्या दिवशी नेमका आमचा हात बसत नव्हता. पाच मिनिटं गेली, सात गेली. शेवटी सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशा आवाजात आई ओरडली, "अगं टाक ना एकदाचा, माझे गुडघे गेले!" मी दचकून टाकला आणि पडला.

आई घरी आली तेव्हा बाबा सोफ्यावर आडवे होऊन क्रिकेट बघत होते. चपला काढायच्या आधी तिने विचारलं, "पहिली रन निघाली का?"

"नाही अजून."

"मग उठा!"

*

मी दुसऱ्या वर्षाला असताना झाडाची फांदी पडून हॉस्टेलच्या बाजूची रिंग मोडली. अर्ज करून नवी रिंग कधी येते, हे अक्कांना चांगलं ठाऊक होतं. त्या सरळ यशवंतपूरला गेल्या. तिथे खिडक्यांचे ग्रिल करणारा एक वेल्डर गाठला आणि सांगितलं, "अण्णा, अठरा इंची गोल रिंग करून दे." त्याने दोन दिवसांत दिली. जाडजूड, देखणी, वर केशरी रंग.

पण त्या रिंगवर कुणाचा नेमच लागेना. बॉल काठावर आपटायचा आणि बाहेर. अक्का ओरडायच्या, "मनगट! मनगट वापरा ग!" आम्ही मनगट सुजेपर्यंत वापरलं. मला झोपेतही बॉल बाहेर जाताना दिसायचा. खेळ सोडून द्यावा, असं मी दोनदा तरी ठरवलं.

मग आम्ही म्हैसूरला एका स्पर्धेला गेलो, आणि जो टाकावा तो आत! लांबून आत, जवळून आत, तोल जाऊन पडतापडता टाकलेला आत. समोरच्या टीमचे कोच अक्कांना विचारायला आले, "मॅडम, प्रॅक्टिस नेमकी कशी घेता?" अक्कांना तरी कुठे माहीत होतं!

परत आल्याआल्या त्यांनी शिडी मागवली, वर चढल्या आणि रिंगला टेप लावली. रिंग बरोबर अठरा इंच होती. बाहेरून! बॉल आतून जातो, हे वेल्डरला कुणी सांगितलंच नव्हतं. आतून ती दीड इंच कमी भरली.

आम्ही सगळ्या खाली, माना वर करून उभ्या. अक्का शिडीवरून उतरल्या, टेप गुंडाळून पर्समध्ये टाकली आणि म्हणाल्या, "कुणाला सांगायचं नाही."

*

म्हैसूरला आम्हाला दुसरं बक्षीस मिळालं. टीमचा तो एकमेव कप. तो साजरा करायला आम्ही इंदिरानगरला एका हॉटेलात गेलो, पोटभर जेवलो आणि कप तिथेच टेबलाखाली विसरलो!

दुसऱ्या दिवशी मी आणि अक्का धावत गेलो. कप काउंटरवर होता. मालकाने तो घासून लख्ख केला होता आणि त्यात बडीशेप भरून वर चमचा ठेवला होता. जाणारा येणारा प्रत्येक जण चिमूटभर घ्यायचा आणि कपावरचं टीमचं नाव वाचायचा.

मी हात पुढे केला तर अक्कांनी माझा दंड धरला. "राहू दे ग. आपल्याकडे नेला तर कपाटात कुलूप लावून ठेवतील. इथे निदान लोक वाचतात."

मी हसले आणि चिमूटभर बडीशेप घेतली. पण कमिटीला काय लिहिणार होते मी? 'मिळवलेली बक्षिसं: एक कप, सध्या बडीशेपेखाली'?

*

एकदा आमची सेमीफायनल आउटर रिंग रोडच्या पलीकडे होती. बस बेळ्ळंदूरला अडकली ती अडकलीच. मला बंद गाडीत बसवत नाही. मी पाचव्या मिनिटाला उभी, दहाव्या मिनिटाला दारात. शेवटी अक्का म्हणाल्या, "चला, उतरा सगळ्या." आम्ही बॉल घेऊन फुटपाथवरून धावत सुटलो. जिथे फुटपाथ होता तिथे!

वाटेत एका रिक्षातून कुणीतरी हाका मारायला लागलं. बघतो तर रेफरी! तेही त्याच जॅममध्ये. त्यांना उतरवलं, त्यांची बॅग आमच्यातल्या दोघींनी आळीपाळीने उचलली, पाणी पाजलं आणि आमच्या वेगाने त्यांना मैदानापर्यंत आणलं. पोचल्यावर ते म्हणाले, "बेटा, तुम्ही नसता तर आज मॅच झाली नसती."

मॅच सुरू झाली. दुसऱ्याच मिनिटाला त्यांनी शिट्टी फुंकली आणि आम्हालाच फाउल दिला. नियमाप्रमाणे एकट्या कोचने उभं राहायचं, बाकीच्यांनी बाकावर बसायचं. आमच्या तर सगळ्या उभ्या! समोरच्या टीमला फ्री थ्रो मिळाला. त्यांच्या मुलीने तो शांतपणे आत टाकला.

आम्ही अक्कांकडे बघितलं. आता कायद्याचं काय?

अक्कांनी क्षणभर विचार केला. "त्यांचा पडला तरी बास्केटच," त्या म्हणाल्या. "बसा."

*

तर माझी दोन पानं गेली नाहीत, म्हणून एका शनिवारी दुपारी कमिटीच कोर्टवर आली. मला इतकं अपराधी कधीच वाटलं नव्हतं. वेळेत काहीतरी खरडलं असतं तर!

अध्यक्ष म्हणजे साठीचे, ताठ कण्याचे एक सर. आल्याआल्या त्यांनी तीनदा सांगितलं, "मीसुद्धा कॉलेजला बास्केटबॉल खेळायचो." शिपायांनी हॉस्टेलच्या बाजूच्या रिंगखाली टेबल आणि खुर्ची मांडली. टेबलावर पार्किंगचा नकाशा आणि मंजुरीचा कागद. फक्त सही राहिली होती. सरांनी खिशातून पेन काढलं आणि खुर्ची ओढली.

"सर, बसू नका," अक्का म्हणाल्या.

मी कशीबशी इंग्लिशमध्ये आमचा कायदा सांगितला. सर मोठ्याने हसले. "ओके! रूल इज रूल. पहिला बास्केट पडला की बसतो, सही करतो आणि निघतो."

आमची कॅप्टन पवित्रा बॉल घेऊन उभी होती. तिने हे ऐकलं. बाकीच्या नऊ जणींनीही ऐकलं.

प्रॅक्टिस मॅच सुरू झाली. पवित्राने पास दिला. दुसरीने तिसरीला दिला. तिसरीने परत पवित्राला दिला. दहा मिनिटं झाली, वीस झाली. बॉल कोर्टभर फिरतोय, पण वर कुणीच टाकत नाही. रिंग समोर, आजूबाजूला चिटपाखरू नाही, आणि पवित्रा वळून मागे पास देतेय! कमिटीतले दोघं एका पायावरून दुसऱ्या पायावर भार देत होते. मी अक्कांकडे बघितलं. त्या हाताची घडी घालून उभ्या होत्या.

"शूट! अरे, शूट का करत नाही?" सर ओरडले.

"सर, ओपनिंग मिळत नाही!" पवित्रा म्हणाली.

अर्ध्या तासाने सरांचा धीर सुटला. त्यांनी पेन खिशात टाकलं, बाह्या दुमडल्या आणि कोर्टमध्ये घुसले. "द्या इकडे! मी दाखवतो. आता माझा बास्केट पडल्याशिवाय मी बसणार नाही आणि सहीसुद्धा करणार नाही!"

त्यांनी टाकला. काठाला लागून बाहेर. पुन्हा टाकला. पुन्हा काठ. सतरा वेळा टाकला, मी मोजले. शेवटी घामाघूम होऊन म्हणाले, "टच राहिला नाही. पुढच्या शनिवारी येतो. कागद राहू दे तोवर."

तेव्हापासून सर दर शनिवारी येतात. आधी नवे बूट आले, मग हाताला पट्टा आला. मार्चमध्ये अक्का रिटायर झाल्या, तर सरांनीच पत्र काढून त्यांना शनिवारचं कोचिंग चालू ठेवायला लावलं. कोर्टच्या दुसऱ्या बाजूला शनिवारी नेमकी मुलींची गर्दी असते, म्हणून सर आपले हॉस्टेलच्या बाजूलाच खेळतात. टेबल तिथेच आहे, खुर्ची रिकामी आहे. सरांना कन्नड, इंग्लिश, हिंदी, थोडं तमिळही येतं. मराठी येत नाही.

गेल्या शनिवारी ते टॉवेलने मान पुसत अक्कांकडे आले. "मॅडम, तुम्ही इतकी वर्षं शिकवताय. खरं सांगा, माझं नक्की काय चुकतंय?"

मुली होत्या तिथे थांबल्या.

अक्कांनी रिंगकडे बघितलं. मग खुर्चीकडे बघितलं. मग सरांकडे.

"मनगट, सर," त्या म्हणाल्या. "स्वल्प मनगट."