भज्यांच्या कागदावरचा राजा

बाबा गेल्यापासून काल पहाटे पहिल्यांदाच स्वप्नात आले. छातीवर हातांची घडी घालून, इजिप्तच्या फॅरोसारखे ताठ बसलेले. जागी झाल्यावर मला हसूच आलं. हा माणूस उभ्या जन्मात नाशिकच्या पलीकडे गेला नव्हता.

संध्याकाळी भजी आणली. बाबांच्याच सवयीनं तेलकट कागद सरळ करून वाचायला घेतला, तर त्यावर फॅरोचं चित्र. हात तसेच! थडग्यात मध, भाकरी, चपला, सगळं सोबत दिलेलं. 'मेल्यानंतर राजा जिथे जातो, तिथे...' आणि नेमका तिथेच कागद फाटलेला.

बाबांचंही नेहमी असंच व्हायचं. अर्धीच बातमी हाती लागली की मला हाक मारायचे, "अगं, पुढचं कुठाय?"

मी कागद उलटून पाहिला. मग त्यांच्या रिकाम्या खुर्चीलाच विचारलं, "बाबा, पुढचं कुठाय?"