मशीनवरचा होयबा

आमच्याकडे मोटार नव्हती, पण मोटारीत ठेवायचा बाहुला होता. हे असलं फक्त आमच्या बाबांनाच जमायचं.

त्या काळी साप्ताहिकांत एका मोटारीची पानभर जाहिरात यायची. आत हसरं कुटुंब, आणि डॅशबोर्डवर काळा कोट-टोपी घातलेला, हात जोडलेला एक बुटका माणूस. त्याची मान स्प्रिंगवर होती. गाडी चालली की तो आपला हो हो, हो हो करायचा. लोकांना मोटारीपेक्षा तोच जास्त आवडला होता. जो कोणी दुकानात जाऊन गाडीत एक चक्कर मारेल त्याला तो फुकट मिळायचा. बाबा सचिवालयात हेडक्लार्क, वाहन म्हणजे सायकल. तरी एका रविवारी लग्नातला कोट घालून ते दुकानात गेले, नव्या मोटारीतून ऐटीत चक्कर मारून आले, “घरी विचारून सांगतो” म्हणाले आणि बाहुला खिशात घालून सायकलवर घरी परतले.

“अहो, आता याच्यासाठी मोटार घ्यायची का?” आई म्हणाली.

“हो, घेऊ की,” बाबा म्हणाले.

बाबांचं हे असंच होतं. ते कुणालाच नाही म्हणायचे नाहीत. वर्गणीवाल्याला हो, फुटकी सुरई विकणाऱ्याला हो. चार भावांत ते सगळ्यांत धाकटे, आणि नागपूरच्या घरात थोरल्या तिघांपुढे माना डोलवण्यातच त्यांची अर्धी हयात गेलेली. आईनं बाहुला आपल्या शिलाई मशीनवर ठेवला. पायडल मारलं की तो जोरजोरात मान हलवायचा. “आता घरात दोन होयबा झाले,” ती म्हणायची. “त्यातला एक निदान जेवायला तरी मागत नाही.”

राज्यांची नवी वाटणी झाली, नागपूरची राजधानी गेली आणि फायलींबरोबर आम्हीही भोपाळला येऊन पडलो. टी. टी. नगरातल्या क्वार्टरच्या भिंतींना अजून ओल्या चुन्याचा वास यायचा. आई नागपुरात मुलींच्या मराठी शाळेत शिकवायची. इथल्या शाळा हिंदी, तिचं हिंदी म्हणजे भाजीवाल्यापुरतं. शाळेनं तिला वर्षभराची बिनपगारी रजा दिली होती. वर्ष संपायच्या आत हजर झाली नाही तर नोकरी गेली. बाबांच्या कचेरीनंही सगळ्यांकडून लिहून मागितलं होतं, की इथंच राहणार की मुंबई राज्यात जाणार. नागपूर आता मुंबई राज्यात गेलं होतं, त्यामुळे तिकडचं लिहिलं की नागपूर मिळण्याची आशा होती.

“अहो, कागद दिला का?” आई रोज विचारायची.

“हो, हो. देतोय.”

“नागपूरच लिहिताय ना?”

“हो गं बाई.”

एवढ्यावर तिनं ट्रंक भरायला घेतली. हिवाळ्याचे कपडे सोडून सगळं आत. मला फ्रॉक हवा असला की ट्रंक उपसावी लागायची, आणि वर बोलणी खावी लागायची ती वेगळीच.

संक्रांतीचं हळदीकुंकू आईनं दणक्यात केलं. जाण्याआधी सगळ्यांना एकदा बोलवून घ्यावं, हा विचार. बाबांच्या साहेबांच्या बायकोलाही बोलावलं. त्या इकडच्याच, हळदीकुंकू पहिल्यांदाच बघत होत्या, पण हौशीनं आल्या. आईनं त्यांना तिळगूळ दिला, वाण म्हणून स्टीलची वाटी दिली. त्या मनापासून म्हणाल्या, “अच्छा हुआ, आप लोग यहीं रह रहे हैं। भाईसाहब ने तो दिवाली में ही लिखकर दे दिया।”

माझ्या हातातली गुलाबदाणी तशीच राहिली. आई मात्र हसली, “हां जी” म्हणाली आणि पुढच्या बाईला कुंकू लावायला वळली. शेवटची बाई जाईपर्यंत तिचं हसू हललं नाही. मला तर तिची भीतीच वाटायला लागली.

बाबा कचेरीतून आले तेव्हा ती उरलेल्या वाट्या पुसत होती. “तुम्ही इथंच राहणार असं लिहून दिलंत?”

बाबा सायकलची क्लिप काढत राहिले. “साहेबांनी विचारलं, आणि तोंडातून हो निघून गेलं.”

“खरं सांगा.”

बाबांनी क्लिप खिशात घातली. मग म्हणाले, “मला इथं आवडतं गं. इथं मला कुणी ‘अरे’ म्हणत नाही. भाजी कुठली आणायची ते मी ठरवतो. तिथं तीन-तीन थोरले. तुला सांगायचा धीर झाला नाही.”

“म्हणून दोन महिने मला ट्रंक भरू दिलीत? मेला तो बाहुला परवडला!” आई ताडकन उठली. राहायचं म्हणून ती चिडली नव्हती, तिला वेड्यात काढलं म्हणून चिडली होती. मलाही बाबांचा असा राग आला की मी त्यांना पाणीसुद्धा नेऊन दिलं नाही.

सकाळी आईनं शाळेला चार ओळींचा राजीनामा लिहिला, पाकीट चिकटवलं आणि बाबांच्या हातात दिलं. “जाताना पेटीत टाका.” तिचे डोळे सुजले होते. बाबा सायकल घेऊन निघाले, फाटकापर्यंत गेले आणि परत आले. पाकीट टेबलावर ठेवून म्हणाले,

“नाही. हे मी टाकणार नाही.”

आईला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. “काय?”

“नाही म्हणतोय. तुझी नोकरी आहे, तू जा. पोरीलाही ने. मी येत जाईन महिन्याला.”

“आणि लोक काय म्हणतील? तुमचे भाऊ काय म्हणतील?”

“म्हणू देत. माझी चूक आहे, नोकरी तुझी का जावी?”

आई मटकन खुर्चीत बसली. त्या काळात नवऱ्याला सोडून नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहणारी बाई मी तरी एकही पाहिली नव्हती.

रजा संपायच्या आठवड्यात आम्ही निघालो. स्टेशनवर बाबांनी ट्रंक चढवली, मला शेंगदाण्यांची पुडी दिली आणि खिडकीला धरून नुसते उभे राहिले. आईनं त्यांना दूध आता पावशेरच घ्या, डाळीला ऊन द्या, असं काय काय सांगितलं. गाडी हलली, प्लॅटफॉर्म मागे गेला, तरी ती ताठ बसून होती.

“लग्नातलं मंगळसूत्र मोठ्या भावजींनी पसंत केलं,” ती एकदम म्हणाली. “साड्या मधल्यांनी. या माणसानं आज पहिल्यांदा स्वतःच्या मनानं मला काहीतरी दिलं. आणि दिलं काय, तर नागपूरचं तिकीट!”

ती हसायला लागली. मग पदर तोंडाला लावला आणि इटारसी येईपर्यंत रडत होती.