राखणदाराची चिलीम

चिलीम विझली की आमचे गुरवकाका ती उलटी करून टाचेवर दोनदा ठोकायचे, राख झटकायचे आणि म्हणायचे, "झाला देवाचा. आता माझा डोका दुखणार." देवाच्या चिलमीनं ज्याचं डोकं दुखतं असा गुरव तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला, कारण त्यांच्याच पडवीत भाड्यानं राहत होतो.

मी तेव्हा लोटे औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला होतो. खेड शहरात खोली परवडेना, म्हणून फाट्यापासून आतल्या या गावात आलो. शिफ्ट संपवून आलो की कपड्यांना ॲसिडचा वास आणि डोळ्यांवर झापड. काका अंगणातून विचारायचे, "काय कंपनीवाले, आज कसला धूर खाल्लाव?" आणि मी काही बोलायच्या आत, "चला, तुमचा नि माझा धंदा एकच," म्हणून चहा पुढे करायचे. त्यांच्या चहात साखर इतकी, की चमचा उभा राहावा.

गावाच्या शिवेवर राखणदार आहे. राखणदार म्हणजे शेंदूर फासलेला एक दगड. शिमग्याला पालखी बाहेर पडण्याआधी त्याला गांजाची चिलीम दाखवायची, हा जुना रिवाज. पहिला झुरका गुरवानं मारून ती पेटवायची. काकांना विडीसुद्धा सोसत नसे. झुरका घेतला की ते असे खोकत, की डोळ्यांतून पाणी येई. आणि गंमत बघा, गावानं त्या खोकल्यालाच कौल मानलं होतं! गुरव खोकला म्हणजे राखणदारानं चिलीम मान्य केली. मग काका गाऱ्हाणं घालणार आणि सगळा गाव एका आवाजात "होय महाराजा" म्हणणार.

ही झाली वर्षाची चिलीम. पण लोक नवस फेडायला बारा महिने गांजाच्या पुड्या आणून काकांच्या ओटीवर ठेवायचे. आणि घरात काकांचा मुलगा होता. मुंबईत गिरणीत होता, संपात घरी आला तो येताना व्यसन घेऊनच आला. चांगला उंचापुरा पोरगा, पण दिवसभर भिंतीला टेकून बसायचा. देवाच्या पुड्या कोण संपवतो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बोलायचं मात्र कुणी नाही.

तशात सरकारचा नवा कडक कायदा आला. शिमग्याच्या बैठकीत मानकरी आणि पोलीस पाटील हातघाईवर आले.

"गांजा पूर्वीबी चोरूनच होता," पोलीस पाटील म्हणाले, "पण तवा वरचे डोळेझाक करीत. आता वर्सानुवर्सं आत घालतात."

"दारूची दुकानं चालतात ती?" मानकरी उसळले. "ती पिऊन लोक बायका मारतात. देवाच्या चिलमीनं कोण मेलाय?"

"दारूला परवाना हाय. चिलमीला आणा परवाना, मी स्वतः भरून देतो."

"मग देऊ दे की सरकारनं परवाना! कोण नको बोलतोय?"

तास-दीड तास हेच. शेवटी कुणीतरी काकांना विचारलं. काका खांबाला टेकून बसले होते. थकलेल्या आवाजात म्हणाले, "दोघांचाबी खरा हाय. मरायचा मीच हाय." लोक हसले. मला काही हसू आलं नाही.

शिमग्याच्या दिवशी दुपारी सगळे शिवेवर जमले. काकांनी चिलमीत निखारा घातला आणि त्यावर ऊद टाकला. झुरका मारलाच नाही. ऊद दरवळला, चिलीम दगडापुढे ठेवली आणि हात जोडून काका बोलू लागले, "बा राखणदारा, तुझ्या चाकरीत काय चुकला-माकला असंल तर पोटात घाल. आजपासनं तुला ऊद. पुडी माझ्या घरात येणार नाय. ह्या मान्य करून घे नि गावातल्या पोरांस संभाळ रे महाराजा!"

कुणीच ओ देईना. खोकला आला नव्हता ना! पोलीस पाटलांनाच काकांची दया आली. ते कानाशी जाऊन म्हणाले, "खोका हो जरा!"

"देवाम्होरं खोटा नाय खोकणार," काका म्हणाले आणि तसेच हात जोडून थांबले. बराच वेळ थांबले. मी मागे उभा होतो, पण भाडेकरूला गावकीत तोंड नसतं. शेवटी तसंच, ओ न देता, पालखी उचलली गेली.

पुढच्या वर्षी चिलमीचा मान काकांच्या पुतण्याकडे गेला. काकांकडे नुसती दिवाबत्ती राहिली. पुड्या पुतण्याच्या ओटीवर जाऊ लागल्या आणि मुलगा तिथे जाऊन बसू लागला. कायदा होता, ऊदही झाला, पोरगा होता तिथेच. "काका, काय मिळवलंत?" मी एकदा चिडून विचारलं. "माझ्या हातानं देत नाय, इतकाच," ते म्हणाले आणि चहात आणखी साखर घातली. त्या दिवशी मला त्यांची फार कीव आली, आणि खरं सांगतो, फार मायाही वाटली.

पावसाळ्यात काका तापानं गेले.

त्यानंतरच्या शिमग्याला पुतण्या शिवेवर दणदणीत खोकला. "होय महाराजा"नं रान दुमदुमलं आणि ढोल वाजवत पालखी गावात गेली. मी मागे रेंगाळलो, इतक्यात करवंदीच्या जाळीआडून काकांचा मुलगा आला. धूर निघणारी चिलीम त्यानं उचलली. मी मनात म्हटलं, चला, आता बापाचाही धाक नाही.

त्यानं ती उलटी केली आणि टाचेवर दोनदा ठोकली. निखारा कातळावर पडला, तो त्यानं पायानं विझवला. रिकामी चिलीम दगडापुढे ठेवून तो हात जोडून उभा राहिला. गाऱ्हाणं त्याला येत नसावं. ओठ हलत होते, आवाज नव्हता. बापासारखाच तोही थांबला होता.

भाडेकरू असलो तरी मी मोठ्यानं म्हणालो, "होय महाराजा!"