हरदितसिंगची आरोळी

हरदितसिंग धंद्यानं सुतार, पंथानं नामधारी शीख होता. आखातात, मनामा शहरातल्या हूऱ्यात आमच्या कंपनीच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहायचा. पांढरे कपडे, कपाळावर सरळ आडवी बांधलेली पांढरी पगडी, हातात लोकरीची माळ. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी यांच्या गुरूंनी पंजाबात थडग्यांची पूजा, हुंडा, दारू, मांस सगळं सोडायला लावलं. हरदितनंही मुलींची लग्नं हुंड्याशिवायच केली होती.

दर शुक्रवारी सुट्टीच्या सकाळी तो ढोलकी घेऊन भजनाला बसे आणि रंगात आला की किंचाळे. साधंसुधं नाही, कुणी गळा चिरत असल्यासारखं. पगडी सुटायची, केस मोकळे व्हायचे. त्यांच्यातली भक्तीच तशी. पहिल्यांदा ऐकून मी घाबरून वर धावलो होतो, मग सवय झाली. खाली आमचा स्वयंपाकी जैनुद्दीन म्हणायचा, "बाबाजी का टाइम हो गया, चाय चढ़ाओ."

हरदितचं वाकडं होतं ते बलकारसिंगाशी. हा क्रेन चालवायचा, राग कायम नाकावर. नामधारी म्हणतात, आमचा गुरू आजही देहानं आहे. बाकी शिखांना दहाव्या गुरूनंतर ग्रंथसाहिब हाच गुरू. मला त्याचं सोयरसुतक नव्हतं, पण बलकारला तो अपमान वाटायचा.

"फिर ज़िंदा गुरू बोला तो ज़बान खींच लूंगा," तो धमकावायचा.

"ग्रंथ को मैं भी मत्था टेकता हूँ, वीरजी," हरदित हसायचा. "पर गुरू मेरा ज़िंदा है."

शहाण्णव सालच्या एका शुक्रवारी मी मनामाच्या बाजारातून मासळी घेऊन आलो. वरून किंकाळ्या येत होत्या. जैनुद्दीन कांदे चिरत म्हणाला, "आज बाबाजी बहुत मस्ती में हैं." मला मात्र ढोलकी ऐकू येईना. मासळी तिथंच टाकून मी जिना चढलो.

बलकारच्या हातात लोखंडी पाइप होता. हरदितची पगडी त्यानं त्याच्याच गळ्याभोवती आवळली होती आणि केस मुठीत धरून त्याचं डोकं हत्यारांच्या पेटीवर आपटत होता. भिंतीवर रक्त उडालेलं. उजव्या हाताची बोटं उलटी वळलेली. मी कोपऱ्यातली ढोलकी उचलून बलकारच्या तोंडावर हाणली. त्याचे दोन दात पडले आणि मला बरं वाटलं. मग शेजारच्या खोलीतल्या शिखांनीच त्याला खाली पाडलं आणि पोलीस येईपर्यंत छातीवर बसून राहिले.

हॉस्पिटलमध्ये जैनुद्दीन कॉटचा दांडा धरून रडला. "बाबाजी, मैं सब सुन रहा था. समझा भजन है. माफ करो."

हरदितचा जबडा तारेनं बांधला होता. दातांच्या फटीतून तो म्हणाला, "तूने ठीक सुना, भाई. मैं तुझे नहीं बुला रहा था."

म्हणजे पाइप पडत होता तेव्हाही हा गुरूलाच हाक मारत होता. जैनुद्दीननं डोळे पुसले, त्याच्या मनावरचं ओझं उतरलं. मला मात्र हरदितचा संताप आला, अजूनही येतो. अरे, खाली दहा माणसं बसली होती. एकदा आम्हाला हाक मारली असतीस, तर तुझा सुताराचा हात वाचला असता.