कोरडा शिधा
जात्यातून बाजरीचं ताजं पीठ उतरलं, की त्याच्या वासानं मला पेंढाऱ्यांनी मुलूख जाळला तो उन्हाळा आठवतो. गावंच्या गावं पुण्याला आश्रयाला आली होती. शनिवार पेठेतल्या आमच्या घराची रीत अशी, की अनोळखी माणसाला शिजलेलं द्यायचं नाही, कोरडा शिधा द्यायचा. एका सकाळी एक बाई दारात आली. अंगावर जळकं लुगडं, कडेवर मूल. मी तिच्या पदरात पसाभर पीठ आणि मिठाचा खडा घातला. ती म्हणाली, "बाईसाहेब, भाकर हाय का? चूल न्हाई, तवा न्हाई." मी म्हटलं, "पीठही आम्ही द्यायचं, भाजूनही आम्हीच द्यायचं? मग भरवायलाही येते!" ती पायरी उतरली. दुपारी धुणं घेऊन मुठेवर गेले, तर ती काठावर बसलेली. नदीच्या पाण्यात कालवलेलं कच्चं पीठ बोटानं मुलाच्या ओठांना लावत होती. जवळ जाऊन पाहिलं, मूल गार पडलं होतं. तिचं बोट थांबत नव्हतं. आता मी म्हातारी झाले. दारी येईल त्याला गरम भाकरी देते, लोक पुण्यवान म्हणतात. त्या सकाळीही माझा तवा चुलीवर तापलेलाच होता.