स्वल्प म्हणजे किती?

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बंगळुरूत, व्हाइटफील्डच्या ऑफिसकॅबमध्ये होते. कोणाला आधी कळवायचं, गाडी कोणाची सांगायची, हे सगळं डोक्यात लगेच ओळीने लागलं. रडू आलं ते बऱ्याच दिवसांनी, भाजीवाला ‘‘अक्का, स्वल्प जास्तच घातलंय’’ म्हणाला तेव्हा...

अण्णा माझा थोरला भाऊ. बनशंकरीत त्याचं कापडाचं दुकान होतं. काही वर्षांपूर्वी जिना चढताना त्याला धाप लागू लागली, म्हणून मी त्याला हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको करायला नेलं. तपासणारे डॉक्टर कन्नडमध्ये म्हणाले, झडप ‘स्वल्प’ गळतेय. स्वल्प म्हणजे थोडं. वहिनींनी सुस्कारा सोडला. अण्णा मात्र दारातच थांबला. ‘‘सुमे, आमच्या दुकानात स्वल्प म्हणजे कधी चार बोटं, कधी हातभर. यांचं किती?’’

‘‘डॉक्टरांशी तरी घासाघीस करू नका,’’ वहिनी म्हणाल्या.

पण धाप वाढतच गेली. गळती खरंच थोडी असेल तर गोळ्यांवर भागणार होतं. जास्त असेल तर ऑपरेशन. म्हणून आम्ही हृदयाच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. त्यांनी इकोचं चित्र अण्णालाच दाखवलं. मागे फिरणारं रक्त रंगीत झोतासारखं दिसत होतं, पण हा झोत सरळ न येता भिंतीला चिकटून चालला होता. असा झोत आहे त्यापेक्षा लहान दिसू शकतो, त्या म्हणाल्या. एमआरआयमध्ये मात्र हृदय दर ठोक्याला किती रक्त ढकलतं आणि त्यातलं पुढे महाधमनीत किती जातं, हे मोजता येतं. उरलेलं मागे गेलं.

अण्णा खुलला. ‘‘म्हणजे ताग्यातून कापलं किती आणि गिऱ्हाइकाच्या हाती गेलं किती! मग ते पहिलं यंत्र हवंच कशाला?’’

‘‘झडप कुठे बिघडली, ती शिवता येईल का, ते त्यातच नीट दिसतं.’’

‘‘शिवता येते?’’ अण्णा खुर्चीत पुढे सरकला.

एमआरआयहून तो वैतागून बाहेर आला. ‘‘आत पत्रे ठोकतात आणि वर म्हणतात श्वास रोखा. अरे, श्वासासाठीच तर आलोय!’’

गळती बरीच निघाली. वहिनींचा चेहरा उतरला. अण्णा म्हणाला, ‘‘सरी, ठीक आहे. आता माप कळलं. शिवून घेऊ या.’’

झडप शिवली गेली आणि छान टिकली. गेल्या महिन्यात तो गेला तो न्यूमोनियाने.

ऑपरेशनआधी आडवं झालं की त्याचा दम कोंडायचा. उशांच्या चळतीला टेकून तो बसल्या बसल्याच झोपायचा. घरी परतला त्या दुपारी त्याने एकेक उशी पलंगाखाली टाकली, एक पातळशी ठेवली आणि पाय ताणून घोरायला लागला. वहिनी कितीतरी वेळ नुसत्या बघत उभ्या होत्या. परवा मी त्याच्या खोलीत जरा आडवी झाले. ती उशी अजून तिथेच आहे. मला काही तिच्यावर झोप येईना... इतक्या पातळ उशीवर तो इतका गाढ कसा झोपायचा, कोण जाणे.