पाठीवरचा मल्लखांब

मुलांनो, तिकडे खो-खोचा शर्ट घालून बाहेर पडायला तुम्ही लाजता, असं तुमची आई म्हणाली. म्हणून कालचं सांगते.

भाजीबाजारात माझ्यापुढे एक गृहस्थ होते. शर्टावर पाठभर 'मल्लखांब' लिहिलेलं आणि पोट चांगलं सुटलेलं. भाजीवाली म्हणाली, "काका, तुम्ही चढलात तर खांबाचं काय हो?"

ते मोकळेपणाने हसले. "पूर्वी चढायचो, मावशी. आता शिकवतो. चारच मुलं उरलीत, आणखी आली नाहीत तर वर्ग बंद. शर्ट बघून कुणीतरी विचारतं, म्हणून घालतो."

क्रिकेटचा शर्ट पाहून कोण काय विचारणार? पण ज्या खेळाला प्रेक्षक नाहीत, त्याचं नाव कुणाच्या तरी पाठीवरून गावभर फिरायलाच हवं. थट्टा झाली तर होऊ द्यावी. आपल्याजवळ उत्तर तयार असलं म्हणजे झालं.

भाजीवालीने तराजू खाली ठेवला. "पोरी चालतात का? माझी नात झाडावरून उतरतच नाही."

"चालतात म्हणजे! त्यांना दोराचा मल्लखांब. उद्या सकाळीच आणा."

"आन् असला शर्ट घ्यावा लागंल?"

"छे! आधी तिला दोर चढू द्या. शर्ट मग मीच देईन."